चिठ्ठी आणि विधान

आमच्या आजीच्या बोलण्यात ‘देवी’ हा शब्द तीन अर्थांनी यायचा. देवी आल्या म्हणजे तो भयंकर रोग झाला, देवी काढल्या म्हणजे दंडावर लस टोचली, आणि देवीला जाऊन आले म्हणजे टेकडीवरच्या देवळात नारळ वाढवून आले. तिन्ही वाक्यं ती एका दमात बोले आणि घरातल्या लहान पोरालाही अर्थ अचूक कळे. यंत्राला मात्र तो कळला नसता. गेली चाळीस वर्षं प्रथिनांचे माहितीकोश सांभाळणारी माणसं हाच गुंता सोडवत आली आहेत, आणि रोगप्रतिकारशास्त्राइतका दाट गुंता त्यांना क्वचितच कुठे भेटला असेल.

या शास्त्राची घडणच तशी झाली. एकच रेणू चार प्रयोगशाळांना चार वेगवेगळी कामं करताना दिसायचा आणि प्रत्येक जण आपल्यापुरतं नाव ठेवायचा. आज आपण ज्याला इंटरल्युकिन-६ म्हणतो, त्याला कुणी बी-पेशींना चेतवणारा घटक म्हणत होतं, कुणी इंटरफेरॉन बीटा-२, तर कुणी हायब्रिडोमा वाढवणारा घटक. यावर उपाय म्हणून १९७९ मध्ये स्वित्झर्लंडमधल्या एर्माटिंगेन इथल्या परिषदेत ‘इंटरल्युकिन’ हे नाव आणि क्रमांकांची पद्धत स्वीकारली गेली. पेशींच्या पृष्ठभागावरच्या खुणांसाठी १९८२ मध्ये पॅरिसच्या कार्यशाळेतून सीडी क्रमांक आले. रेणूंची नावं अशी हळूहळू जागेवर आली. रेणू करतो काय, हे सांगणारे शब्द मात्र मोकळेच राहिले.

१९८६ मध्ये जिनिव्हात अमोस बायरोख या तरुण संशोधकाने स्विस-प्रॉट हा कोश सुरू केला. प्रत्येक प्रथिनाची नोंद माणसाने वाचून, तपासून लिहायची, हा त्याचा बाणा. नोंदीत काही कळीचे शब्द असत. ‘इम्यून रिस्पॉन्स’, ‘सायटोकाइन’, ‘एमएचसी-१’, ‘इन्फ्लमेटरी रिस्पॉन्स’. पुस्तकाच्या शेवटी सूची असते, तसंच यांचं काम. शोधणाऱ्याला पानापर्यंत न्यायचं, एवढंच. ती एक चिठ्ठी होती. चिठ्ठीकडून कुणी काटेकोर व्याख्या मागत नाही.

पुढे १९९८ मध्ये माशी, यीस्ट आणि उंदीर यांचे जनुककोश सांभाळणाऱ्या तीन गटांनी एकत्र येऊन जीन ऑन्टॉलॉजी उभारायला घेतली. २००० साली तिचा पहिला मोठा लेख आला. इथे प्रत्येक संज्ञेला सात आकडी क्रमांक, लेखी व्याख्या आणि इतर संज्ञांशी ठरलेलं नातं आहे. उपजत प्रतिकार हा प्रतिकाराचाच एक प्रकार, म्हणून एखाद्या प्रथिनाला खालची संज्ञा लावली की वरच्या सगळ्या संज्ञा त्याला आपोआप लागू होतात. म्हणजे ही संज्ञा लावणं हे एक विधान आहे. हे प्रथिन या जीवाच्या शरीरात हे काम करतं, असं ते विधान.

मग दोन्हींची सांगड घालायची ठरली. युरोपियन बायोइन्फर्मॅटिक्स इन्स्टिट्यूटमधल्या गटाने एक साधी मजकुराची फाइल ठेवली. एका ओळीत डावीकडे कळीचा शब्द, मध्ये बाणासारखी खूण, उजवीकडे ऑन्टॉलॉजीची संज्ञा आणि तिचा क्रमांक. ‘इनेट इम्युनिटी’ या शब्दासमोर ००४५०८७. ही एक ओळ लिहिली की तो शब्द असलेल्या प्रत्येक प्रथिनाला ती संज्ञा मिळते, पुन्हा माणसाने हात न लावता. अशा प्रत्येक नोंदीवर ती यंत्राने केली असल्याचा शिक्का असतो. २००५ मध्ये या गटाने आपल्या यांत्रिक पद्धतींची स्वतःच तपासणी केली, तेव्हा अचूकता ९१ ते १०० टक्के भरली. मला हा आकडा त्या ओळी लिहिणाऱ्यांच्या सावधपणाची पावती वाटतो. शंका आली की खालची नेमकी संज्ञा सोडून वरची ढोबळ संज्ञा धरायची, हा त्यांचा नेम. वरची धरली तर थोडा तपशील हुकतो. खालची चुकीची धरली तर हजारो नोंदींत खोटं शिरतं.

सावधपणा कशासाठी, ते उदाहरणांतच दिसतं. आपल्या पांढऱ्या पेशींत डिफेन्सिन नावाची छोटी प्रथिनं असतात. स्विस-प्रॉटमध्ये त्यांच्यावर ‘अँटिबायोटिक’ अशी चिठ्ठी आहे. औषधाच्या दुकानातल्या गोळीशी तिचा संबंध नाही. ऑन्टॉलॉजीत ती जोडली गेली ‘जिवाणूविरुद्धचा बचाव’ या अर्थाच्या संज्ञेला. दोन्हींत एक शब्द समान नाही, तरी अर्थ बरोबर बसतो. याच्या उलट ‘हायपरसेन्सिटिव्ह रिस्पॉन्स’. दवाखान्यात ऐकलं तर हे ॲलर्जीबद्दल आहे असंच वाटेल. कोशात मात्र ही चिठ्ठी वनस्पतींची आहे. रोगजंतू शिरला की पानातल्या आसपासच्या पेशी स्वतः मरतात आणि संसर्गाची वाट अडवतात, ती ही क्रिया. नुसती अक्षरं जुळवणाऱ्या यंत्राने गव्हाच्या तांबेऱ्याला आणि माणसाच्या ॲलर्जीला एकाच पंगतीत बसवलं असतं. पुढे ऑन्टॉलॉजीने आपल्या संज्ञेच्या नावातच ‘वनस्पती-प्रकारचा’ हे विशेषण घातलं, ते योग्यच केलं.

‘कॉम्प्लिमेंट पाथवे’ची गोष्ट वेगळी. रक्तातल्या या पूरक प्रथिनांची साखळी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सापडली, तेव्हा ती एकच होती. १९५४ मध्ये पिलेमरने प्रॉपरडिनचा शोध मांडला आणि दुसऱ्या वाटेची चाहूल लागली. लेक्टिनची तिसरी वाट आणखी नंतरची. मोबाइल आल्यावर घरातल्या साध्या फोनला जसं लँडलाइन म्हणावं लागलं, तसं जुन्या वाटेला ‘क्लासिकल’ म्हणावं लागलं. स्विस-प्रॉटमध्ये नवीन वाटांना विशेषणं मिळाली आणि जुनी चिठ्ठी बिनविशेषणाची राहिली. ती जोडली गेली ती क्लासिकल वाटेशीच. इथे मला थोडी रुखरुख वाटते. नवख्या वाचकाला तो शब्द तिन्ही वाटांना कवेत घेणारा वाटतो, आणि शब्दाचा इतिहास ठाऊक नसेल तर ही जोडणी त्याला कोड्यात टाकते.

सगळ्यात बोलकी वाटते ती न लिहिलेली ओळ. शेंगदाण्यातलं आरा-एच-१ हे प्रथिन कित्येकांच्या जिवावर उठतं. त्याच्यावर ‘ॲलर्जन’ अशी चिठ्ठी आहे. पण शेंगेच्या दृष्टीने ते बियाण्याचा शिधा आहे, उगवणाऱ्या कोंबासाठी बांधून दिलेला. माणसाच्या अंगावर गांधी उठवणं हे त्याचं काम नाही, म्हणून ‘ॲलर्जन’ला ऑन्टॉलॉजीत जोड नाही. ‘साठवण प्रथिन’ या त्याच्या दुसऱ्या चिठ्ठीला आहे.

दरम्यान ऑन्टॉलॉजीची उजवी बाजूही अपुरी पडत होती. सुरुवातीच्या संज्ञांमध्ये प्रतिकारशास्त्राचा विस्तार फारच तोकडा होता. त्या विषयातले जाणकार आणि ऑन्टॉलॉजीचे संपादक एकत्र बसले, शेकडो नव्या संज्ञा घातल्या गेल्या, आणि २००७ मध्ये अलेक्झांडर डील व सहकाऱ्यांनी त्या कामाचा वृत्तांत प्रसिद्ध केला. अर्जित प्रतिकार, टी-पेशींचं चेतवणं, सहनशीलता, सगळ्यांना आपापली जागा मिळाली. ०००२ने सुरू होणाऱ्या क्रमांकांत आजही या विषयाच्या संज्ञा रांगेने सापडतात. कोशाच्या बाजूनेही चिठ्ठ्या सुधारल्या. ‘इम्यून रिस्पॉन्स’चं ‘इम्युनिटी’ झालं आणि ते अधिक व्यापक संज्ञेला जोडलं गेलं. ‘अडॅप्टिव्ह इम्युनिटी’ ही स्वतंत्र चिठ्ठी पुढे आली.

विषाणूंनी तर प्रश्नच उलटा केला. त्यांची काही प्रथिनं यजमानाचा उपजत प्रतिकार मोडून काढतात. त्यांचा प्रतिकाराशी संबंध आहे, पण तो शत्रूच्या बाजूने. त्यांना ‘इम्युनिटी’च्या रांगेत बसवलं असतं तर प्रतिकार करणाऱ्या जनुकांची यादी मागणाऱ्या संशोधकाच्या हाती हल्लेखोरही आले असते. म्हणून कोशात त्यांच्यासाठी वेगळी चिठ्ठी आहे, आणि तिची संज्ञा यजमानाच्या प्रतिकाराचं दमन एवढंच सांगते. २०२० मध्ये करोनाविषाणूची प्रथिनं घाईघाईने कोशात आली, तेव्हा ही वेगळी ओळ आधीपासून तिथे होती.