हॅडन हॉल : एका इंग्रजी जहागिरीचे घर

इंग्रजांच्या ‘मॅनर हाउस’ला आपण सहजच ‘वाडा’ किंवा ‘गढी’ म्हणतो. पण यांतील एकही शब्द नेमका बसत नाही. मॅनर म्हणजे जमीन आणि तीवरील कुळांबाबतचे अधिकार. त्या जमिनीच्या धन्याचे राहते घर ते मॅनर हाउस. डर्बीशायरमध्ये बेकवेलनजीक, वाय नदीच्या काठी उभे असलेले हॅडन हॉल हे मला त्याचे सर्वांत बोलके उदाहरण वाटते. बाराव्या शतकात ते व्हर्नन घराण्याकडे आले. त्या शतकाच्या अखेरीस भोवती भिंत घालण्याची परवानगी मिळाली, ती अटीवर : उंची १२ फुटांहून अधिक नसावी आणि भिंतीला चर्या नसाव्यात. घर चालेल, किल्ला नको! पुढे चर्या आल्याच, पण त्या शोभेपुरत्या.

दोन चौकांच्या मधोमध सुमारे १३७० मध्ये उभारलेले भोजनगृह हा या वास्तूचा गाभा होय. एका टोकाच्या ओट्यावर धनी आणि खाली चाकरमंडळी, असे सारे एकाच छताखाली जेवत. दुसऱ्या टोकाच्या लाकडी आडोशाला एक लोखंडी कडे आहे. मद्य नाकारणाऱ्याचा हात त्यात अडकवून ते त्याच्या बाहीत ओतीत, असे सांगतात. सुमारे १५०० मध्ये सर हेन्री व्हर्नन यांनी लगतच एक उबदार दालन सजविले आणि कुटुंबाचे ताट तिकडे गेले. सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धात ११० फूट लांबीचे सज्जादालन झाले, ते पावसाळी दिवसांत घरातच फेरफटका मारण्यासाठी. त्याच्या खिडक्यांची तावदाने मुद्दाम किंचित तिरकी बसविलेली असल्याने प्रकाश तऱ्हेतऱ्हेने खेळतो. मालक चाकरांपासून कसा पायरीपायरीने दूर गेला, हे या तीन दालनांत वाचता येते. डोरोथी व्हर्नन ही जॉन मॅनर्सबरोबर पळून गेल्याची कथा मात्र एकोणिसाव्या शतकाने रंगविलेली. विवाह तेवढा खरा.

मॅनर्स घराण्याला १७०३ मध्ये रटलंडची ड्यूकपदवी लाभली. त्यांचा मुक्काम बीव्हर येथील गढीत राहिला आणि हॅडन सुमारे दोनशे वर्षे जवळजवळ ओस पडले. इतर जमीनदार जुनी घरे पाडून नव्या धाटणीची बांधीत असता येथे कोणी हात लावला नाही, म्हणून मध्ययुग टिकले. तथापि नुसत्या दुर्लक्षाने छप्पर टिकत नाही. विसाव्या शतकाच्या आरंभी नवव्या ड्यूकांनी जीर्णोद्धार हाती घेतला, तेव्हा प्रार्थनामंदिराच्या भिंतींवरील चुना उतरविण्यात आला. धर्मसुधारणेच्या काळात चित्रे झाकण्यासाठी फासलेल्या त्या चुन्याखाली संत ख्रिस्तोफर तसाच होता.