पेन्सिलीच्या आधी कणीक : बालवाडीच्या पहिल्या महिन्यात घरी काय करावं?

विदर्भात उन्हामुळे शाळा बाकी महाराष्ट्रापेक्षा उशिरा, जूनच्या अखेरीस उघडतात. त्या दिवसांत अमरावती आणि अकोल्याच्या बाजारात दोन ठिकाणी गर्दी दिसते. एक बी-बियाण्यांच्या दुकानावर आणि दुसरी वह्या-दप्तरांच्या दुकानावर. तीन-चार वर्षांच्या लेकरासाठीसुद्धा चाररेघी वही, पेन्सिलींचा डबा, खोडरबर असं सगळं घेतलं जातं. मग आठ-दहा दिवसांतच घरात सुरू होतं, "शेजारचं पोट्टं शंभरपर्यंत लिहिते, आपलं एकसुद्धा नीट काढत नाही." मूल रडतं, अम्मी चिडते, दादी मध्ये पडते. शेवटी कोणीतरी ट्यूशनचा विषय काढतं.

पालकांची तळमळ खोटी नाही. आपलं मूल तालीममध्ये मागे पडू नये, असं प्रत्येक घराला वाटतं. पण पहिल्याच महिन्यात लिहायला बसवल्यानं मूल पुढे जात नाही. उलट वही दिसली की पळायला लागतं. या वयात आधी हात तयार व्हावा लागतो, मग डोळा, आणि त्यानंतर अक्षर. हात तयार करण्याचं सामान आपल्या स्वयंपाकघरात आणि अंगणात पडलेलंच आहे. त्यासाठी आईला इंग्रजी किंवा मराठी लिहिता-वाचता येणंही गरजेचं नाही.

मनगट अजून कच्चं असतं

मोठ्या माणसाच्या मनगटात आठ लहान हाडं असतात. जन्माच्या वेळी ती हाडं नसतात, त्यांच्या जागी मऊ कूर्चा असते. ती हळूहळू, काही वर्षांत हाडात बदलते. चार वर्षांच्या मुलाच्या मनगटातली सगळी हाडं अजून तयार झालेली नसतात, बोटांची ताकदही कमी असते. म्हणून मूल पेन्सिल मुठीत धरतं, जोर लावतं, टोक मोडतं आणि लवकर थकतं. हा आळस नाही आणि हट्टही नाही. बहुतेक मुलं तीन बोटांत पेन्सिल नीट धरायला पाच-सहा वर्षांच्या आसपास शिकतात.

तोवर बोटांना काम द्यायचं. भाकरी-चपातीची कणीक मळताना एक गोळा मुलाच्या हाती द्या. त्याला दाबू द्या, लांब साप वळू द्या, छोट्या गोळ्या करू द्या. भुईमुगाच्या शेंगा फोडायला द्या, उकडलेल्या अंड्याचं साल काढायला द्या. ओलं फडकं दोन हातांनी पिळू द्या. कुर्त्याची बटणं स्वतः लावू द्या, उशीर झाला तरी चालेल. वाळत घातलेल्या कपड्यांचे चिमटे लावणं-काढणं ही तर बोटांची उत्तम कसरत आहे. घरात कापूस असेल तर त्यातली सरकी चिमटीनं वेगळी करायला सांगा. पाऊस पडल्यावर आपली काळी माती चिकट होते, तिचे बैल, चूल, मडकी छान होतात.

डाळ निवडणारा डोळा

हातानंतर डोळा. मराठीत 'व' आणि 'ब' यांत एका तिरक्या रेघेचा फरक आहे. 'घ' आणि 'ध', 'भ' आणि 'म' मोठ्यांनाही घाईत फसवतात. उर्दूत 'बे', 'पे' आणि 'ते' यांचा आकार एकच असतो, फरक फक्त नुक्त्यांचा. कुठे एक, कुठे तीन, कुठे दोन, आणि ते वर की खाली. म्हणजे वाचायला शिकणं हे बऱ्याच अंशी लहान फरक ओळखणं आहे.

हा सराव अक्षरांआधी धान्यावर होऊ शकतो. सुरुवात सोपी ठेवा. एका ताटात मूग आणि हरभरे मिसळून द्या आणि दोन वाट्यांत वेगळे करायला सांगा. दोन-चार दिवसांनी मूग आणि मटकी द्या. हात बसला की तुरीची डाळ आणि हरभऱ्याची डाळ. दोन्ही पिवळ्याच, म्हणून इथे मुलाला थांबून नीट बघावं लागतं. चूक झाली तर लगेच दाखवू नका. "दोन्ही वाट्या पुन्हा एकदा बघू या का?" एवढंच विचारा. स्वतःची चूक स्वतः सापडली की मुलाचा चेहरा बघण्यासारखा होतो.

दोन लिपी, एकच हात

आपल्या अनेक घरांत मूल सकाळी बालवाडीत जातं आणि दुपारनंतर मक्तबमध्ये कायदा घेऊन बसतं. एकीकडे लिहिणं डावीकडून उजवीकडे, दुसरीकडे उजवीकडून डावीकडे. पालकांना भीती वाटते की मूल गोंधळेल. सुरुवातीला थोडं गोंधळतंही, पण दोन लिपी शिकणं मुलांना झेपतं. फक्त सुरुवात कुठून करायची, ते हाताला कळायला हवं.

यासाठी एक सोपा उपाय आहे. ताटात रवा किंवा बारीक वाळू पसरा. मराठीचा खेळ असेल तेव्हा ताटाच्या डाव्या काठावर रंगीत खडूचा ठिपका काढा, कायद्याचा खेळ असेल तेव्हा उजव्या काठावर. "ठिपक्याकडून निघायचं," एवढा एकच नियम. पहिले काही दिवस अक्षर नकोच. नुसत्या उभ्या रेघा, आडव्या रेघा, गोल, लाटा. उर्दूचा अलिफ म्हणजे उभी रेघ. मराठीचा कानाही उभी रेघच. आणि शब्दाच्या मध्ये आले की दोघेही बहुधा 'आ' हाच आवाज देतात. एक रेघ नीट जमली की मुलानं दोन्ही लिपींत पाऊल टाकलेलं असतं.

दस्तरख्वानवरचं गणित

एक ते शंभर घडाघडा म्हणणारं मूल समोरचे सात चिंचोके मोजताना अडखळू शकतं. कारण म्हणणं वेगळं आणि मोजणं वेगळं. जेवणाच्या वेळी मुलालाच ताटं मांडायला सांगा. एका माणसाला एक ताट, एक ग्लास. "आज अब्बू उशिरा येणार, मग ताटं किती?" ही झाली वजाबाकी. "खाला आणि तिची मुलगी आली, आता?" ही बेरीज. वुजू करताना मूल सोबत उभं राहतंच. हात तीन वेळा, तोंड तीन वेळा, आधी काय आणि नंतर काय, यात मोजणीही आहे आणि क्रमही.

आणखी एक गंमत करून बघा. सहा-सहा चिंचोक्यांच्या दोन ओळी समोरासमोर मांडा. मूल सांगेल, दोन्ही सारख्या. मग त्याच्यादेखत एका ओळीतले चिंचोके लांब-लांब सरकवा आणि विचारा, "आता जास्त कुठे?" चार-पाच वर्षांची बहुतेक मुलं लांब ओळीकडे बोट दाखवतात. स्वित्झर्लंडचे मानसशास्त्रज्ञ ज्याँ पियाजे यांनी हे फार पूर्वी दाखवून दिलं. मूल ढ आहे असा याचा अर्थ नाही. संख्येची समज अजून पिकते आहे, इतकंच. रागावून ती लवकर पिकत नाही.

घरची बोली, बाईंची भाषा

पहिल्या आठवड्यात मूल रडतं त्याचं एक कारण आपण विसरतो. घरी ते "पेशाब", "प्यास", "दर्द" म्हणतं आणि वर्गात बाई मराठीत किंवा इंग्रजीत बोलतात. लघवीला लागली हेच सांगता आलं नाही, तर मुलाला शाळा नकोशी होणारच. म्हणून पहिल्याच दिवशी घरातले पाच-सहा शब्द कागदावर लिहून बाईंना द्या : पाणी, लघवी, भूक, दुखणं, भीती यांना मूल काय म्हणतं ते. लिहिता येत नसेल तर तोंडी सांगा. बाईंना त्याची मदतच होते.

घरी शरीराच्या अवयवांचा खेळ खेळा. नाक, कान, गाल हे शब्द दोन्ही भाषांत तेच आहेत. मुलाला कळतं की ही भाषा अगदीच परकी नाही. मग आँख आणि डोळा, पेट आणि पोट, उंगली आणि बोट अशा जोड्या लावा. घरची बोली बंद करण्याची काहीच गरज नाही. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंही शक्य तिथे किमान पाचवीपर्यंत मातृभाषेतून किंवा घरच्या भाषेतून शिक्षण व्हावं, असं म्हटलं आहे. दादी-नानीच्या कहाण्या, कोडी आणि गप्पा यांतूनच मुलाकडे शब्द जमा होतात. तेच शब्द पुढे दुसऱ्या भाषेला आधार देतात.

हे नवं नाही

हे सगळं परदेशातून आलेलं फॅड आहे असं वाटू शकतं. पण महाराष्ट्रात याची परंपरा जुनी आहे. लग्नामुळे अमरावतीशी नातं जडलेल्या ताराबाई मोडक पुढे भावनगरला गिजुभाई बधेकांसोबत बालशिक्षणाचं काम करू लागल्या. १९४५ मध्ये त्यांनी ठाणे जिल्ह्यातल्या (आताच्या पालघरमधल्या) बोर्डीला ग्रामीण बालशिक्षणाचं काम सुरू केलं. अनुताई वाघ त्यांच्यासोबत होत्या. पुढे हे काम कोसबाडच्या आदिवासी पाड्यांत गेलं. माँटेसरीची महागडी साधनं तिथे परवडणारी नव्हती. म्हणून त्यांनी खडे, शिंपले, पानं, बिया हीच साधनं केली, आणि मुलं शाळेत येत नव्हती तेव्हा शाळाच त्यांच्या अंगणात नेली. आज ज्याला आपण अंगणवाडी म्हणतो, त्या कल्पनेचं एक मूळ तिथे आहे. सरकारची एकात्मिक बालविकास योजना त्यानंतर, २ ऑक्टोबर १९७५ रोजी सुरू झाली.

म्हणून मूल महागड्या इंग्रजी शाळेत नाही, मोहल्ल्यातल्या अंगणवाडीत जातं, याची खंत बाळगू नका. तिथल्या ताईंशी बोला, वर्गात डोकावा. तिथे मुलं गाणी म्हणत असतील, माती-बिया हाताळत असतील, तर शिक्षण नीट चाललं आहे.

एवढी काळजी घ्या

बिया, डाळी, चिंचोके, बटणं यांचा खेळ मोठ्या माणसाच्या नजरेसमोरच व्हावा. या वयात मुलं हरभरा नाकात किंवा कानात घालतात. तसं झालं तर घरी पिन-चिमट्यानं काढायला जाऊ नका, थेट दवाखान्यात न्या. धाकटं भावंडं रांगत असेल तर खेळ संपल्यावर जमीन झाडून घ्या. अख्खे शेंगदाणे लहान मुलाच्या घशात अडकू शकतात, त्यामुळे तोंडात दाणा असताना पळू देऊ नका. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे, जून-जुलैत घरात पेरणीचं बियाणं असतं. ते रंगीत दिसतं म्हणून मुलांना आवडतं, पण त्याला विषारी औषध लावलेलं असतं. ते मुलांच्या हाती लागेल असं कुठेच ठेवू नका.

रोज किती वेळ?

पंधरा-वीस मिनिटं पुरे. पहिल्या आठवड्यात कणीक, माती, पाणी. दुसऱ्यात धान्य निवडणं. तिसऱ्यात ताटं मांडणं आणि मोजणं. चौथ्यात रव्यावरच्या रेघा. मूल कंटाळलं की थांबायचं, उद्या पुन्हा. अब्बूंनीही यात बसावं, हे फक्त अम्मीचं काम नाही.

आणि शाळेतून आल्यावर "आज काय लिहिलं?" असं विचारण्याऐवजी "आज हातानं काय केलं?" असं विचारून बघा. पहिल्या प्रश्नाला मूल वही पुढे करतं किंवा गप्प बसतं. दुसऱ्या प्रश्नावर ते बोलायला लागतं, आणि बोलता बोलता उद्या शाळेत काय करायचं आहे तेही सांगून टाकतं.