डेझी : दिवसाचा डोळा

कमल आणि कुमुद या नांवांच्या वडीलधाऱ्या स्त्रिया आपल्यापैकीं बहुतेकांच्या नात्यांत असतील. कमळ सूर्याबरोबर उमलतें आणि कुमुद चंद्राबरोबर, हें आपण संस्कृत काव्यांतून शिकलों. इंग्रजांच्या जुन्या स्त्रीनामांतहि असेंच एक सूर्यविकासी फूल आहे. त्याचें नांव डेझी.

इंग्लंडांतील हिरवळींवर सहज पायांखालीं येणारें हें चिमुकलें फूल. भोंवतीं पांढऱ्या पाकळ्या, मध्यें पिवळी टिकली. खरें म्हणजे तें एक फूल नव्हेच. आपल्या शेवंतीप्रमाणें तो अनेक सूक्ष्म फुलांचा गुच्छ असतो, आणि कुळहि दोघींचें एकच. सांजावलें कीं त्याच्या पाकळ्या मिटतात, उजाडलें कीं उघडतात. म्हणून हजार वर्षांपूर्वींच्या इंग्रजांनीं त्यास ‘डेज् आय’, म्हणजे ‘दिवसाचा डोळा’ म्हटलें. पुढें दोन शब्दांचा सांधा झिजून ‘डेझी’ झालें. चौदाव्या शतकांतील चॉसर कवीस ही व्युत्पत्ति ठाऊक होती, आणि हें फूल त्याचें फारच लाडकें होतें.

आतां एक गंमत. कित्येक डेझींचें पाळण्यांतलें नांव मार्गारेट असे! मार्गारेट हा शब्द मूळ ग्रीक, अर्थ ‘मोतीं’. पण फ्रेंच भाषेंत ‘मार्गरीत’ हें याच जातीच्या फुलाचेंहि नांव आहे. या श्लेषामुळें इंग्रज घरांतील मार्गारेट लाडानें डेझी झाली. व्हिक्टोरिया राणीची नात मार्गारेट (१८८२–१९२०) पुढें स्वीडनची युवराज्ञी झाली, तरी आप्तांत ती डेझीच राहिली.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत रोज, लिली, व्हायोलेट अशा पुष्पनामांची लाट आली व डेझी हें स्वतंत्र नांव म्हणून रूढ झालें. १८७८ सालीं हेन्री जेम्स यानें आपल्या निष्कपट, पण लोकनिंदेस पात्र ठरलेल्या नायिकेस हेंच नांव दिलें. १८९२ च्या हॅरी डेकरच्या दोघांच्या सायकलीवरील गाण्यानें तर तें गल्लोगल्लीं नेलें, आणि तेव्हांपासून पुष्कळांस तें थोडें उथळ वाटूं लागलें. मला हा त्या नांवावर अन्याय वाटतो. गाणें कालचें, शब्द सहस्र वर्षांचा.

विसाव्या शतकाच्या मध्यास डेझी म्हणजे कोणाची तरी आजी, अशी समजूत झाली होती. शतक सरतां सरतां मात्र इंग्लंडांतील तरुण आईबाप आपल्या तान्ह्या मुलींसाठीं पुन्हा हेंच नांव निवडूं लागले.