लघु सचेतपटाची कल्पना कोठे शोधावी?

आता मुलांच्या हाती संगणक आले आहेत. त्यामुळे सचेतपट, म्हणजेच अॅनिमेशनचा चित्रपट, घरी करणेही शक्य झाले आहे. परंतु ‘सर, कल्पनाच सुचत नाही’ ही तक्रार मात्र कायम आहे. तिचा थोडा विचार करू.

प्रथम श्रमाचा हिशेब पाहावा. पडद्यावर दर सेकंदास २४ चित्रे सरकतात. प्रत्येक चित्र दोनदा वापरले तरी एका मिनिटास ७२० चित्रे लागतात. उसन्या कल्पनेसाठी इतके कष्ट करण्याचा धीर टिकत नाही. म्हणून विषय लहान असावा, पण आपल्या जिवाशी लागलेला असावा.

आपल्या वडोदऱ्याच्या कलाभवनात शिकलेल्या दादासाहेब फाळके यांचेच उदाहरण घ्या. ‘राजा हरिश्चंद्र’ १९१३ साली आला. त्यापूर्वी त्यांनी कुंडीतील वाटाण्याच्या रोपाचे रोज थोडे थोडे चित्रण करून त्याची वाढ पडद्यावर दाखविली. पुढे १९१५ मध्ये त्यांनी आगकाड्याच हलत्या केल्या. वाटाणा व आगकाडी कोणाच्या घरी नसते?

वस्तूप्रमाणे एखादी बोचणारी गोष्टही विषय देते. कॅनडातील नॉर्मन मॅकलॅरेन यांचे मन कोरियातील युद्धाने अस्वस्थ झाले होते. १९५२ साली ‘नेबर्स’ या लघुपटात त्यांनी रणांगण दाखविले नाही. एका फुलासाठी भांडून मरणारे दोन शेजारी दाखविले. मोठे दुःख त्यांनी कुंपणाएवढ्या जागेत बसविले.

माझ्या वर्गातील एका मुलीने प्रथम उंदीर-मांजराची धावपळ काढून आणली. सुबक होती, पण पाहिलेलीच होती. ‘तुझ्या घरी अलीकडे काय बदलले?’ असे मी विचारले. थोड्या वेळाने ती म्हणाली, ‘सर, आजी गेल्यापासून झोपाळ्यावर कोणी बसत नाही.’ तिने तो रिकामा झोपाळाच काढला. वाऱ्याने तो हलतो, कड्या कुरकुरतात आणि शेवटी धाकटा भाऊ चढून बसतो. चाळीस सेकंदांचा तो चित्रपट पाहून तिचे आजोबा काही बोलले नाहीत. त्या संध्याकाळी मात्र ते झोपाळ्यावर जाऊन बसले, असे तिच्या आईने मला सांगितले.

तात्पर्य, कल्पना दूर कोठे नसते. पालकांनी मुलांना ‘आज काय पाहिलेस?’ एवढे रोज विचारावे, आणि उत्तर येईपर्यंत थांबावे.