ध्रुवप्रदेशातील संशोधन : हा खर्च कशासाठी?

वास्कोजवळ हेडलँड सडा येथे राष्ट्रीय ध्रुवीय आणि महासागर संशोधन केंद्र आहे. भारताच्या अंटार्क्टिका मोहिमांचे नियोजन येथूनच होते. जेथे शेती नाही, व्यापार नाही, कायमची मनुष्यवस्तीही नाही, अशा हिमभूमीसाठी आपल्यासारख्या देशाने पैसा का खर्चावा, असा प्रश्न पुष्कळांना पडतो. प्रश्न रास्त आहे; आणि त्याचे उत्तर आपणा डॉक्टरांना सहज पटावे असे आहे.

छातीत दुखणाऱ्या रुग्णाचा जुना ई.सी.जी. हाताशी असला, तर आजच्या आलेखाचा अर्थ लागतो. तेच पृथ्वीचे. अंटार्क्टिकावरील हॅली या ब्रिटिश तळावर १९५०च्या दशकाच्या उत्तरार्धापासून वातावरणातील ओझोनचे मोजमाप चालू होते. त्यातून तातडीचे असे काहीच हाती लागत नव्हते. मात्र १९८५ साली फार्मन, गार्डिनर आणि शँकलिन या शास्त्रज्ञांनी त्याच नोंदींच्या आधारे दाखवून दिले, की तेथील वसंत ऋतूत, म्हणजे ऑक्टोबरच्या सुमारास, ओझोन एक तृतीयांशाहून अधिक घटला आहे. जुन्या नोंदी नसत्या, तर ही घट ध्यानात तरी कशी आली असती?

दोष होता शीतकपाटे आणि फवाऱ्याच्या डब्यांत वापरल्या जाणाऱ्या क्लोरोफ्लुरोकार्बन वायूंचा. ओझोनचे आवरण विरळ झाले, की अतिनील किरणे वाढतात आणि त्यांबरोबर त्वचेचा कर्करोग व मोतीबिंदू यांचा धोकाही वाढतो. १९८७ साली मॉन्ट्रियल येथे या वायूंवर नियंत्रण आणणारा करार झाला. दमेकऱ्यांना आपण देतो त्या इनहेलरमधील वायूही त्यामुळेच बदलला. आता अंटार्क्टिकावरील ओझोन २०६६च्या सुमारास पूर्ववत होईल, असा शास्त्रज्ञांचा अंदाज आहे.

याहूनही जुनी नोंदवही बर्फाच्या थरांत आहे. त्यांत अडकलेल्या हवेच्या बुडबुड्यांवरून गेल्या आठ लाख वर्षांतील कार्बन डायऑक्साइडचे प्रमाण कळले आहे. औद्योगिक युगापूर्वी ते दशलक्ष भागांत सुमारे ३०० भागांपलीकडे गेले नव्हते. आज ते ४२०च्या वर आहे.

अर्थात राष्ट्रे केवळ ज्ञानलालसेने तेथे जातात, असे म्हणणे भाबडेपणाचे ठरेल. १९५९च्या अंटार्क्टिक करारात एक विलक्षण अट आहे. मूळ १२ राष्ट्रांव्यतिरिक्त जे राष्ट्र तेथे भरीव संशोधन करील, त्यालाच निर्णयप्रक्रियेत मताधिकार मिळतो. सैन्य नव्हे, तर विज्ञान हेच तेथील प्रवेशपत्र आहे. डॉ. सय्यद झहूर कासिम यांच्या नेतृत्वाखाली भारताची पहिली मोहीम डिसेंबर १९८१ मध्ये गोव्याहूनच निघाली आणि १९८३ साली भारताला तो अधिकार प्राप्त झाला. १९८९ साली ‘मैत्री’ आणि २०१२ साली ‘भारती’ हे तळ तेथे कार्यान्वित झाले.

अशा संशोधनाचे फळ बहुधा पुढच्या पिढीच्या पदरात पडते. म्हणूनच काटकसरीच्या काळात त्यावर प्रथम कात्री चालविण्याचा मोह होतो. परंतु नोंदवहीतील एक वर्ष कोरे राहिले, तर ते मागाहून कितीही पैसा ओतून भरता येत नाही. रुग्णाचे जुने कागद जपून ठेवण्याचे महत्त्व जाणणाऱ्या आपल्या व्यवसायाला हे अधिक सांगणे न लगे.