हलती चित्रं (लेखांक ७) : चिखलातला पाय

मागच्या लेखांकापर्यंत आपण चेंडू, लोलक, वाऱ्यावरचं पान अशा निर्जीव वस्तू हलवल्या. आता माणूस घेऊ. पोंभुर्णा तालुक्यात जुलैच्या पावसानं बांध्या भरल्या, चिखलणी झाली की रोवणी लागते. पऱ्ह्यांच्या पेंढ्या बांधीत टाकलेल्या असतात आणि बाया ओळीनं वाकून, मागे मागे सरकत धान रोवत जातात. त्यातली एकच क्रिया आज घ्यायची आहे. रोवणाऱ्या बाईचा एक पाय चिखलातून निघतो आणि मागे पडतो. काम दीड सेकंदाचं. तेच काम कागदावर, कापलेल्या तुकड्यांत, बाहुलीत, हाडामांसाच्या माणसात आणि शेवटी संगणकात करून बघू.

शिकवणीची बहुतेक पुस्तकं माणसाला आधी टणक जमिनीवर चालवतात. रिचर्ड विल्यम्स यांच्या २००१ सालच्या गाजलेल्या पुस्तकात साध्या चालीच्या एका पावलाला १२ फ्रेमचं माप दिलं आहे. सेकंदाला २४ फ्रेम, म्हणजे पाऊल अर्ध्या सेकंदाचं. माप उपयोगाचं आहे, पण नवशिक्याला टणक जमीन फसवते. तिथे पाय सहज उचलला जातो, त्यामुळे आधी शरीरानं काय केलं हे दिसतच नाही. चिखलात ते लपत नाही. म्हणून धानपट्ट्यातल्या विद्यार्थ्यानं चाल शिकायची तर ती बांधीत शिकावी, असं माझं ठाम मत आहे.

आधी धुऱ्यावर उभं राहून नीट बघा. बाई कमरेतून वाकलेली आहे, गुडघे किंचित मोडलेले. डाव्या हातात पेंढी, आणि पुष्कळदा त्याच हाताचं कोपर मांडीवर टेकवलेलं, पाठीला तेवढाच आधार. उजवा हात दोन-तीन रोपं सुटी करतो आणि अंगठ्यानं चिखलात दाबतो. आता पाय मागे घ्यायची वेळ आली. आपली नजर पायावर जाते, पण पहिली हालचाल पायाची नसतेच. आधी कमर दुसऱ्या बाजूला सरकते. सगळा भार त्या पायावर गेला की तो पाय थोडा आणखी रुततो. मग मोकळ्या झालेल्या पायाची टाच वर यायला बघते आणि अडते. चिखल ओढून धरतो. घोटा जरा फिरतो, कडेनं पाणी शिरतं, आणि मग पाय एकदम सुटतो. सुटताना तो हवा त्यापेक्षा किंचित वर जातो आणि पाठीला हलका हिसका बसतो. पाय मागे जाऊन आधी बोटं टेकतात, मग टाच, मग तो सावकाश खाली बसतो.

या सगळ्याला वेळ वाटून देऊ. कमर सरकायला ८ फ्रेम, अडकून ओढण्यात १०, सुटायला ४, मागे जायला ६, रुतून स्थिर व्हायला ८. एकूण ३६. यात सगळ्यात मोलाच्या आहेत त्या अडकलेल्या १० फ्रेम, ज्यांत वरवर काहीच घडत नाही. नवखा हात त्या हमखास कापतो, कारण काही हलत नसताना चित्र काढत बसणं त्याला व्यर्थ वाटतं. पण पुढच्या ४ फ्रेममधली पायाची सुटका त्या दहांच्याच जोरावर उभी असते.

कागदापासून सुरुवात करू. आधी ही बाई कुठून बघायची ते ठरवा. समोरून बघितली तर हात धडाआड जातो, मांडी पोटाआड जाते, नुसता गोळा दिसतो. बाजूनं बघितली की पाठीची कमान, लोंबणारा हात आणि निघणारी टाच वेगवेगळी वाचता येते. कसोटी सोपी आहे: चित्र आतून काळं भरून टाका, तरी क्रिया कळते का बघा. झाडीपट्टीच्या रंगभूमीवर ज्यांनी रात्रभराचं नाटक मागच्या रांगेतून बघितलं आहे त्यांना हे वेगळं सांगायला नको. तिथला जाणता नट हात छातीशी धरून रडत नाही. अंगापासून तो मोकळा करतो, म्हणून शेवटच्या माणसापर्यंत रडणं पोचतं. शाळेतल्या मुलांना मी आधी ती नाटकं बघायला सांगेन, कार्टून नंतर.

मग पाच मुख्य चित्रं काढा: भार दोन्ही पायांवर, भार एका पायावर, टाच अडलेली, पाय सुटलेला, पाय मागे रुतलेला. प्रत्येक चित्रात आधी कमरेची रेघ, मग डोकं, मग गुडघा, आणि पाऊल सगळ्यात शेवटी. मधली चित्रं त्यानंतर भरायची. दर दोन फ्रेमला एक चित्र पुरतं, म्हणजे १८ चित्रं. मात्र सुटण्याच्या ४ फ्रेमना प्रत्येकी एक वेगळं चित्र द्या, नाहीतर हिसका गिळला जातो. एकूण २० झाली. लुगड्याचा काठ पायाच्या दोन-तीन फ्रेम मागून येईल, पण ओला आहे हे विसरू नका. ओलं कापड फडफडत नाही, पोटरीला चिकटून ओढलं जातं.

मुख्य चित्रांतून मधल्या चित्रांकडे जायची ही शिस्त मुंबईत आली ती फिल्म्स डिव्हिजनमधून. त्याआधी प्रयत्न झाले नव्हते असं नाही. प्रभात फिल्म कंपनीचं रघुनाथ केळकरांनी केलेलं ‘जंबू काका’ १९३४ सालचं आहे. पण पद्धतशीर शिक्षण मिळालं ते १९५६मध्ये, क्लेअर वीक्स आल्यावर. डिस्नेच्या स्टुडिओत काम केलेल्या या माणसानं फिल्म्स डिव्हिजनच्या कार्टून विभागातल्या तरुणांना हात धरून शिकवलं. जातककथेवरचा ‘द बनियन डिअर’ हा १९५७चा लघुपट त्या शिकवणीतून आला. राम मोहन त्याच वर्गातले. पुढे भारतातल्या ॲनिमेशनच्या दोन-तीन पिढ्या त्यांच्या हाताखालून गेल्या आणि २०१४मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली.

आता तीच बाई पुठ्ठ्यातून कापू. डोकं, धड, दंड, कोपरापुढचा हात, मांडी, पोटरी, पाऊल. सांध्यांना दोऱ्याची गाठ. सिंधुदुर्गातल्या पिंगुळीचे ठाकर कलावंत चामड्याच्या बाहुल्या पडद्यामागून पिढ्यान्‌पिढ्या नाचवत आले आहेत. जर्मनीत लोटे रायनिगर यांनी १९२६ साली काळ्या कापीव आकृत्या एकेक फ्रेम सरकवत ‘प्रिन्स अहमद’चा पूर्ण लांबीचा चित्रपट केला. दोन्हीकडे अडचण एकच. कापलेला तुकडा दबत नाही, ताणला जात नाही. कागदावर ओढ दाखवायला पोटरी ताणून लांब करता येते, इथे ती जितकी कापली तितकीच राहणार. म्हणून वजन सगळं वेळेतून दाखवावं लागतं. अडकलेल्या १० फ्रेमच्या इथे १४ करा. आणि चिखलाची वेगळी पट्टी कापून पावलांवर ठेवा. भार पडलेला पाय खाली दाबता येत नसेल तर त्याच्यापुढची पट्टी केसभर वर सरकवा. रुतल्याचा तोच भास होतो.

बाहुलीचं तंत्र मला यांत सगळ्यात जवळचं, म्हणून जरा थांबून सांगतो. आत सांगाडा लागतो. पोंभुर्ण्याकडे बांबू हाताशी असतो, तेव्हा पहिला मोह कामट्यांचा. पण कामटी वाकवली की परत सरळ व्हायला बघते, आणि आपल्याला तर जिथे वाकवलं तिथेच राहणारं काहीतरी हवं. म्हणून अ‍ॅल्युमिनियमच्या दोन तारा पिळून हातपाय करायचे. कामट्या वाया जात नाहीत. मांडी, पोटरी आणि दंडाच्या मध्यभागी कामटीचा तुकडा तारेला घट्ट बांधला, की तार फक्त सांध्यातच वाकते आणि हाताला खरं हाड येतं.

वाकलेली बाहुली तोंडावर पडते, कारण तिचा तोल पावलांच्या पुढे जातो. पावलाखाली नट चिकटवून, फळीला भोक पाडून खालून स्क्रूनं आवळावी लागते. एक पाय उचलताना दुसरा आवळलेलाच ठेवायचा. बांधीतल्या बाईला जो नियम लागू, तोच इथे हातांना कळतो: ज्या पायावर भार नाही तोच निघतो. कागदावर हे विसरून चालतं, चित्र पडत नाही. बाहुली पडते.

शेतातला चिखल फळीवर घेऊ नका, दिव्याखाली सुकून तडकतो आणि चित्रपटभर भेगा नाचत राहतात. न वाळणारी तेलकट प्लॅस्टिसिन वापरा. भार पडलेलं पाऊल फळीत घुसणार नाही, तेव्हा त्याच्याभोवती मातीचं कडं दर दोन फ्रेमला थोडं थोडं वाढवत न्या. आणि एक गोष्ट मनाशी बांधून कामाला बसा, इथे मागे जाता येत नाही. कागदावर अकरावं चित्र चुकलं तर ते बदला. बाहुलीत अकरावी फ्रेम चुकली आणि विसाव्या फ्रेमला कळली तर सगळं पहिल्यापासून. म्हणून आधी कागदावरची पाच मुख्य चित्रं समोर भिंतीला लावून ठेवावीत. दादासाहेब फाळक्यांनी १९१५च्या सुमारास ‘आगकाड्यांची मौज’मध्ये आगपेटीतल्या काड्या अशाच एकेक फ्रेम हलवल्या होत्या. तो चित्रपट आज बघायला मिळत नाही, याची मला खरोखर हळहळ वाटते.

बाहुलीऐवजी माणूसच फ्रेमफ्रेमनं हलवला तर? प्रमोद पतींनी १९७२च्या ‘आबिद’मध्ये चित्रकार-लेखक आबिद सुरती यांना असंच हलवलं. हे तंत्र मुलांना मोबाइलवर लगेच जमतं, पण आपल्या क्रियेला मात्र ते दाद देत नाही. एक पाय अर्धा उचलून माणूस किती वेळ राहणार? दोन फ्रेमच्या मध्ये अंग कापतं, चिखलाची ओढ हरवते. उलट पाय न उचलता बाई बांधीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत घसरत गेली, हे इथेच शोभतं. जिथे वजन नाहीसं करायचं आहे तिथे हे तंत्र घ्या. श्रावणात ढग येतात-जातात, तेव्हा कॅमेऱ्याचं एक्स्पोजर कुलूपबंद करा, नाहीतर पडदा लुकलुकेल.

चित्रित केलेल्या हालचालीवरून गिरवण्याची युक्ती मॅक्स फ्लायशर यांची. १९१५मध्ये त्यांनी पेटंटचा अर्ज केला होता. मोबाइलवर रोवणी चित्रित करून गिरवता येते. मात्र त्या बाया कामावर आहेत, त्यांची मजुरी चालू आहे. आधी विचारा, आणि नको म्हणाल्या तर मोबाइल खिशात ठेवा. गिरवताना बाहेरची रेघ पकडू नका, ती पकडली की बाई पाण्यावर तरंगल्यासारखी दिसते. कमर, गुडघा, टाच या तीन ठिपक्यांचा मागोवा घ्या आणि शरीर स्वतः काढा. अडलेल्या टाचेचं चित्र व्हिडिओत आहे त्याहून जरा जास्त ताणा.

संगणकाबद्दल थोडक्यात, कारण त्याला स्वतंत्र लेखांक लागेल. ब्लेंडर हे सॉफ्टवेअर फुकट मिळतं. लात्वियाचा ‘फ्लो’ त्याच्यावर झाला आणि २०२५मध्ये त्याला ऑस्कर मिळालं, तेव्हा साधन नाही ही सबब आता उरलेली नाही. सांगाड्याचा पाय आयके (इन्व्हर्स किनेमॅटिक्स) पद्धतीवर ठेवा, म्हणजे कमर हलली तरी पाऊल खिळून राहतं. इथली अडचण उलटी आहे. दोन मुख्य स्थितींमधला प्रवास संगणक आपण होऊन भरतो आणि गुळगुळीत भरतो. चिखल गुळगुळीत सोडत नाही. ग्राफ एडिटर उघडून टाचेची रेघ बघा. ती नागमोडी चढत असेल तर काम चुकलं आहे. १० फ्रेम ती जवळजवळ आडवी चालली पाहिजे, आणि मग ४ फ्रेममध्ये उभी चढली पाहिजे.

या आठवड्यात कागद आणि बाहुली एवढं करून बघा. पुढच्या लेखांकात त्याच बांधीत चिखलणीचा बैल उतरेल, म्हणजे पायांची संख्या दुप्पट, आणि वजन मानेवरच्या जुवावर.