मांजर कोणाचे? : बीड जिल्ह्याच्या संदर्भात मांजरांची मालकी, संगोपन आणि कायदा

प्रस्तावना :
ग्रामीण मराठवाड्यात मांजर 'पाळले जाते' असे म्हणण्यापेक्षा ते घराच्या आश्रयाने 'राहते' असे म्हणणे अधिक योग्य ठरेल. धान्याच्या पोत्यांमागे उंदीर धरणारे आणि दोन-तीन घरी दूध-भाकरी खाणारे मांजर नेमके कोणाचे, हा प्रश्न गावात सहसा उपस्थित होत नाही. कायदा मात्र मालकीपासूनच आरंभ करतो. प्रस्तुत लेखात या विसंगतीचा विचार केला आहे.

कायद्याची चौकट :
प्राण्यांच्या छळास प्रतिबंध करणाऱ्या १९६० च्या केंद्रीय अधिनियमातील कलम ११ नुसार, उपासमार वा तहानेने यातना होण्याचा संभव असेल अशा स्थितीत प्राण्यास वाजवी कारणाशिवाय सोडून देणे हा अपराध आहे. पहिल्या अपराधास दंड मात्र १० ते ५० रुपयेच आहे. भारतीय दंड संहितेच्या कलम ४२८ मध्ये प्राण्याची किंमत किमान दहा रुपये असण्याची अट होती. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ३२५ मध्ये ती अट उरलेली नाही. तसेच २००१ चे जन्म नियंत्रण नियम केवळ श्वानांपुरते होते; २०२३ च्या नियमांनी वस्तीतील बेवारस प्राण्यांस 'सामुदायिक प्राणी' मानून त्यांच्या अन्नदानाचीही तरतूद केली.

नोंदणीची मर्यादा :
पुणे महानगरपालिकेने २०२२ मध्ये पाळीव मांजरांची नोंदणी बंधनकारक करण्याचा निर्णय घेतला. अशा नोंदणीत एक मांजर व एक मालक हे गृहीत असते. अनेक घरी वावरणाऱ्या गावच्या मांजरास हे गृहीतक लागू पडत नाही.

ऊसतोड हंगाम आणि मांजर :
धारूर, वडवणी, पाटोदा, केज आदी तालुक्यांतील असंख्य कुटुंबे दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीसाठी पश्चिम महाराष्ट्रात व कर्नाटकात जातात आणि हंगाम संपल्यावर परततात. बैल सोबत जातात. मांजर बहुधा माणसापेक्षा जागेला धरून राहते. कुलूपबंद घरापाशी उरलेल्या मांजरास 'सोडून दिले' असे म्हणता येईल काय? पोटासाठी करावे लागणारे स्थलांतर हे 'वाजवी कारण' मानणेच न्याय्य होय. परंतु त्यामुळे मांजराची भूक मिटत नाही. येथेच 'सामुदायिक प्राणी' ही संकल्पना उपयुक्त ठरते. कारण ती दोषी शोधण्याऐवजी जबाबदारी वाटून देते.

उसाच्या फडातही एक प्रश्न उभा राहतो. तेथे सापडणारी पिल्ले कित्येकदा रानमांजराची वा वाघाटीची असतात. ती पोरकी समजून घरी आणली जातात. वस्तुतः त्यांची आई जवळपासच असू शकते. या प्रजातींना १९७२ च्या वन्यजीव (संरक्षण) अधिनियमाचे संरक्षण असल्याने त्यांना पाळता येत नाही. पिल्ले जागीच ठेवून वनविभागास कळविणे हाच योग्य मार्ग होय.

निष्कर्ष :
गावातील मांजरांचा प्रश्न केवळ दंडाने सुटणारा नाही. राष्ट्रीय सेवा योजनेची हिवाळी शिबिरे बहुधा याच स्थलांतराच्या काळात भरतात. मागे राहिलेल्या मांजरांची पाहणी, पशुवैद्यकीय दवाखान्याच्या साहाय्याने रेबीज प्रतिबंधक लसीकरण आणि ग्रामपंचायतीशी विचारविनिमय करून अन्नाची जागा ठरविणे, एवढे कार्य महाविद्यालयांस सहज शक्य आहे. जे मांजर कोणा एकाचे नाही ते सर्वांचे आहे, ही गावाची जुनीच जाण आता कायद्यानेही मान्य केली आहे.